सापळ्याची पेटी आणि मामाचा माळ

रविवारी सकाळी न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवर वारा इतका असतो की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडावं लागतं. पाठीवरच्या पिशवीत कोंबडीची अंडी, सुकवलेल्या सशाच्या मांसाचे तुकडे, तारेचा ब्रश, स्क्रू ड्रायव्हर आणि जाड हातमोजे असतात. किवी या न उडणाऱ्या पक्ष्याला वाचवायला इथे सापळ्याच्या पेट्या लावतात, त्यातल्या सोळा माझ्या वाट्याला आल्या आहेत. पेटी म्हणजे लांबट लाकडी खोका. तोंडाला जाळी, जाळीला मुठीएवढं भोक, आत पोलादी सापळा आणि त्याच्या मागे अंडं.

गेल्या महिन्यात नवव्या पेटीत स्टोट सापडला, किवीची पिल्लं मारणारा. आपल्याकडच्या माणसाला तो पाहून मुंगूस आठवेल, पण हा त्याहून बारीक. तपकिरी पाठ, पिवळसर पांढरं पोट, शेपटीच्या टोकाला काळा झुपका. सापळा डोक्यावर बसला होता, म्हणजे क्षणात गेला असणार. मी त्याला बाहेर काढलं, झुडपाखाली टाकलं, सापळा ब्रशने घासला, नवं अंडं ठेवलं आणि फोनमध्ये नोंद केली. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी पेटीशेजारी ओल्या गवतात बसून रडले होते. मुंग्यांना साखर घालणाऱ्या आजीच्या हाताखाली मी वाढले. मेलेल्या जिवाला हात लावून पुढच्या पेटीकडे चालू लागायचं, हे मला शिकावं लागलं.

हे सगळं लिहायचं कारण घरचंच आहे. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री पकडून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तो आदेश बदलला, आणि पिसाळलेली व अंगावर येणारी सोडून बाकीची कुत्री नसबंदी आणि लस देऊन पुन्हा त्यांच्या जागी सोडावीत असं ठरलं. मधल्या अकरा दिवसांत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महाभारत झालं. मावसबहिणीचं म्हणणं, मुक्या जिवाला डांबून ठेवणारा समाज सुधारलेला कसा म्हणायचा? मामाचं म्हणणं, तुझ्या डोळ्यांदेखत शेळीचं करडू फाडलं की मग बोल. मी मध्ये पडून इथल्या पेट्यांबद्दल लिहिलं, तर बहिणीने विचारलं, "ताई, तू तिकडे जाऊन जनावरं मारतेस?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आता देते.

वटवाघळं सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवर मूळचा सस्तन प्राणीच नव्हता. इथल्या पक्ष्यांचा शत्रू आभाळातून यायचा आणि डोळ्यांनी शिकार करायचा. म्हणून काकापो, हा जाडजूड, हिरवा, न उडणारा पोपट, धोका जाणवला की जागच्या जागी थिजतो. शेवाळात आणि पानात मिसळून जातो. गरुडाला चकवायला एवढं पुरत होतं. पण माणसाबरोबर आलेले उंदीर, मांजरं आणि स्टोट नाकाने शोध घेतात, आणि काकापोच्या अंगाला तर गोडसर, दुरूनही जाणवणारा वास असतो. इतका काळ ज्या सवयीने तारलं तीच जिवावर उठली. किवीचं दुखणं वेगळं. उडणाऱ्या पक्ष्याच्या छातीच्या हाडाला जो उभा कणा असतो तो किवीला नाही, छाती अगदी नाजूक. कुत्र्याने खेळताखेळता नुसतं तोंडात धरलं तरी आतून चिरडतो. १९८७ मध्ये उत्तरेकडे वाइटांगीच्या जंगलात एका मोकाट जर्मन शेफर्डने काही आठवड्यांत, ट्रान्समीटर लावलेल्या २४ किवींपैकी १३ मारले. तिथे तेव्हा साधारण ९०० किवी होते. त्यातले ५०० पर्यंत त्या एकाच जनावराने संपवले असावेत असा अभ्यासकांनी हिशेब मांडला.

त्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा होता. म्हणजे कुणीतरी त्याला लाडाने वाढवलं होतं. माझ्या बहिणीला मी हेच सांगू पाहते आहे. एखाद्या जिवावरची माया खरी असते, आणि तरीही तिच्यामुळे दुसरी एक अख्खी जात संपू शकते. राजस्थानच्या वाळवंटात माळढोकाची मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. तिथेही मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या फिरतात. देशातल्या मोकळ्या रानात आता दीडशेच्या आसपासच माळढोक उरले आहेत, आणि आमच्या ग्रुपवरच्या शेकडो मेसेजमध्ये त्या एका अंड्याचा उल्लेख कुणी केला नाही. मीसुद्धा नाही. माळढोकाच्या विणीच्या जागांभोवती मोकाट कुत्री नकोत, आणि तिथून उचललेली कुत्री परत तिथे सोडायची नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. शहरातल्या गल्लीचा नियम त्या माळाला लावू नये.

मामाला उत्तर देणं जास्त अवघड आहे.

सोलापूरजवळ नान्नजच्या बाजूला त्याची नऊ एकर जमीन. १९७९ मध्ये तिथे माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा कागदावरचं क्षेत्र होतं जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली शेतं, वस्त्या, गावं त्यात आली. मामाला मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकायची होती, पण अभयारण्यातल्या जमिनीच्या व्यवहारावर बंधनं आली होती. सातबारा घेऊन तो एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत चार वर्षं हिंडला. खरेदीखत झालं नाही, कर्ज झालं. पारावर लोक उघड म्हणायचे, हा पक्षी एकदाचा संपला तर आपण सुटू. पुढे न्यायालयापर्यंत जाऊन ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर महाराष्ट्रातला माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला होता. मामाला मी एकदा विचारलं, राग कशाचा जास्त आला? तो म्हणाला, "पैशाचं सोड गं. बांधावर येऊन कुणी विचारायचं तरी होतं."

मी ज्या टेकड्यांवर फिरते त्या बहुतेक शेतकऱ्यांच्याच आहेत, मेंढ्यांची कुरणं. कॅपिटल किवी प्रकल्पाने इथे २४,००० हेक्टरांवर साडेचार हजारांच्या वर सापळे लावले ते जमीनमालकांच्या दारी जाऊन, त्यांचा होकार घेऊन. नोव्हेंबर २०२२ मध्ये शंभराहून जास्त वर्षांनी या डोंगरांत किवी परत आले. मेंढ्या चरताहेत, माथ्यावर पवनचक्क्या फिरताहेत, खाली रात्री किवी चोच खुपसून किडे शोधतो. माझ्या पेट्या ज्याच्या कुरणात आहेत त्या शेतकऱ्याच्या जमिनीच्या व्यवहाराला पक्ष्यामुळे कुणी हात लावलेला नाही. त्याच्याकडून एवढीच अपेक्षा की कुत्री सांभाळायची. त्याने मेंढ्या वळवणाऱ्या दोन्ही कुत्र्यांना किवीच्या वासापासून लांब राहायला शिकवून आणलं. मला म्हणाला, रात्री किवी ओरडला की मी बायकोला उठवतो. मामाच्या गावातही अशी माणसं होती. त्यांना पक्ष्याचे शत्रू आपण केलं.

असं लिहिलं की इकडचं सगळं सोन्याचं वाटायला लागतं, आणि ते खोटं ठरेल. स्टोट इथे आपोआप आलेला नाही. बाहेरून आणलेले ससे वाढले म्हणून १८८० च्या दशकात तो मुद्दाम आणून सोडला, आणि पक्षी जाणणारी माणसं तेव्हाही नको म्हणत होती. १८९४ पासून रिचर्ड हेन्री नावाच्या माणसाने फिओर्डलँडच्या पावसात, होडीने, शेकडो काकापो आणि किवी रेझोल्यूशन बेटावर नेऊन ठेवले. १९०० मध्ये स्टोट पोहत त्या बेटावर पोहोचला. त्या एकट्या माणसाने आपल्या डोळ्यांसमोर सगळे कष्ट वाया गेलेले पाहिले. त्याची गोष्ट मी कुणालाही सांगायला लागले की आवाज जड होतो. आजही चुका होतात. २०१५ मध्ये मोटुटापू बेटावर पुकेको पक्षी कमी करायला बोलावलेल्या अनुभवी शिकाऱ्यांनी चार ताकाहे मारले. पुकेको आणि ताकाहे दोघेही निळे, दोघांची चोच लाल. ताकाहे म्हणजे १८९८ नंतर पन्नास वर्षं नामशेष समजला गेलेला, १९४८ मध्ये मर्चिसन पर्वतात पुन्हा सापडलेला पक्षी. आता पाचशेच्या आसपास आहेत.

आणि उंदीर, स्टोट मारायचं १०८० हे विष. दुर्गम जंगलांत ते हेलिकॉप्टरमधून टाकतात, कारण तिथे माझ्यासारखी माणसं पेट्या घेऊन पोहोचू शकत नाहीत. त्यावरून इथे घराघरांत भांडणं होतात, विशेषतः ज्यांची शिकारी कुत्री त्यात गेली त्यांच्यात. २०११ मध्ये संसदेच्या पर्यावरण आयुक्तांनी अभ्यास करून हा वापर चालूच ठेवावा असं सांगितलं. मलाही ते पटतं. पण त्या विषाचं मरण सापळ्यासारखं क्षणाचं नसतं, हे माहीत असून मला ते पटतं, आणि हे मी आजीला सांगू शकले नसते.

काकापोचं काम पाहिलं की मात्र मान लवते. १९९५ मध्ये जगात ५१ उरले होते. सगळे शिकारी प्राणी काढून टाकलेल्या बेटांवर त्यांना ठेवलं. प्रत्येकाला नाव दिलं, पाठीवर ट्रान्समीटर लावला. रिमूच्या झाडांना भरघोस फळं धरतात त्याच वर्षी ते विणीला येतात, म्हणजे दोन ते चार वर्षांतून एकदा. त्या वर्षी माणसं घरदार सोडून बेटावर जातात, घरटी सांभाळतात, पिल्लांची वजनं घेतात. २०१९ च्या हंगामात सत्तरच्या वर पिल्लं जगली, आणि त्याच वर्षी फुप्फुसाच्या बुरशीने काही पक्षी दगावलेही. २०२२ मध्ये संख्या २५२ वर गेली.

आपली माणसं यात कुठे कमी नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या केंद्रात कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पिल्लू जन्मलं. ती बातमी मी रडत रडत तीनदा वाचली. पण केंद्रातलं पिल्लू उद्या सोडायचं कुठे? माळढोक उडतो, हीच त्याची अडचण आहे. डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं कमी दिसतं, अंग जड, तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. २०२१ मध्ये न्यायालयाने त्याच्या प्रदेशातल्या विजेच्या तारा जमिनीखाली घालायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे दिला. तारा गाडायला पैसा लागतो हे खरं, सौरवीज लागतेच हेही खरं. तर मग विणीच्या भागातल्या तारा गाडायचा खर्च देशातल्या प्रत्येक वीजबिलावर थोडा थोडा टाकावा. माळ न नांगरता गवत राखणाऱ्या शेतकऱ्याला दरवर्षी ठरलेले पैसे द्यावेत, पिकाला हमीभाव देतो तसे. पक्षी सगळ्यांचा म्हणायचं आणि त्याचं ओझं उत्तर सोलापुरातल्या नऊ एकरवाल्यावर टाकायचं, हे आपण एकदा करून पाहिलं. पक्षीही गेला आणि माणसंही दुखावली.

इथे लोक पन्नास लाख, आणि भोवती समुद्र. एकट्या महाराष्ट्रात अकरा कोटींहून जास्त. बेट रिकामं करून पक्षी ठेवायची सोय आपल्याला नाही. आपल्याला माणसांच्या मधोमधच जागा करावी लागणार, आणि त्यासाठी आधी बांधावर जावं लागणार.

काकापोचा नर विणीच्या काळात जमिनीत उथळ खळगा करतो, त्यात बसून छाती फुगवतो आणि रात्रभर खोल, घुमणारा आवाज काढत राहतो. मैलभर जातो तो आवाज. मागच्या आठवड्यात मी त्याचं रेकॉर्डिंग मामाला पाठवलं, काही न लिहिता. त्याचा फोन आला. त्याच्या लहानपणी गावात माळढोकाला हूम म्हणायचे, नराच्या आवाजावरून.

"कुठे मिळाला तुला हा?" तो विचारत होता. "हूम आहे ना?"

मी सांगितलं, पोपट आहे मामा, न उडणारा. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पुन्हा एकदा लाव."