कोथिंबीर, शेपू फुलावर येऊ द्या

मित्रकिडींसाठी, म्हणजे झाडावरची कीड खाणाऱ्या किड्यांसाठी, बागेत फुलझाडं लावा हा लेखातला मुद्दा एकदम पटला, पण यादीत नुसता झेंडू आणि कॉसमॉस आहे, त्यात कोथिंबीर, शेपू, बडीशेप हवीच हवी. आमच्याकडे ऐरोलीला टेरेसवर चवळी आणि वाल आहे, थंडीत शेंड्यांवर काळा मावा (रस शोषणारे बारीक किडे) बसतोच, म्हणून मी थोडी कोथिंबीर न खुडता तशीच फुलू देते. त्या बारीक पांढऱ्या फुलांतला मध उथळ असतो ना, त्यामुळे सिरफिड माशीला सहज मिळतो, ही माशी पट्टेवाली, मधमाशीसारखी दिसते, हवेत एका जागी तरंगते, चावत बिवत नाही, स्वतः मध-पराग खाते पण अंडी घालते माव्याच्या शेजारी आणि अळी बाहेर आली की मावा फस्त करत सुटते. झेंडू पण गच्च पाकळ्यांचा नको, एकेरी घ्या, गच्च फुलात किड्यांना मधापर्यंत पोचताच येत नाही.

आणि प्लीज लेडीबर्डची (तो ठिपक्यांचा छोटा गोल भुंगा) अळी ओळखायला शिका, ती पण मावा खाते!! काळी, लांबट, नारिंगी ठिपक्यांची असते, लोकं कीड समजून चिरडतात, फार वाईट वाटतं. मावा दिसल्या दिसल्या लगेच फवारणी नको, खायलाच नसेल तर हे मित्रकिडे येतील कशाला, थोडे दिवस थांबा, फारच वाढला तर नुसत्या पाण्याचा जोरात फवारा मारा. मुंग्यांचा मात्र बंदोबस्त करा, माव्यातून गळणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या माव्याची राखण करतात आणि लेडीबर्डला हुसकावून लावतात.