वयात आलेल्या पोराची झोप कशी मोडावी

घरात नववी-दहावीतलं पोरगं आहे? मग त्याला झोपू न देणं ही आता तुमची, क्लासवाल्यांची, शेजारच्या काकांची आणि गल्लीतल्या यच्चयावत लोकांची जबाबदारी आहे. नवख्या पालकांच्या सोयीसाठी चार गोष्टी सांगते.

पहिलं म्हणजे पहाटे साडेपाचची बॅच घ्या. आपल्या कोल्हापुरात ती कुठंही मिळते. सातची बॅच घेणाऱ्या पोरांचं पुढं काही होत नाही, असं खुद्द क्लासवालेच सांगतात, म्हणजे खरंच असणार. पोरगं रात्री अकराच्या आत झोपत नाही म्हणून चिंता करू नका. वयात येताना मेंदूतलं घड्याळच पुढं सरकतं, झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन रात्री तास-दोन तास उशिरा पाझरायला लागतं, हे अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मेरी कार्स्काडन बाईंनी दाखवून जमाना झाला. पण ब्राउन विद्यापीठ काही राजारामपुरीत नाही. आपल्याकडं घड्याळ क्लासच्या भिंतीवर असतं. या वयाला ८ ते १० तास झोप लागते म्हणे. लागू दे.

दोष मोबाइलला द्या. (रात्री साडेदहाला क्लासच्या ग्रुपवर जो होमवर्क येतो, तो मोबाइलवर येत नाही असं समजायचं.)

मुलगी असेल तर तिचं घड्याळ मुलांच्याही आधी पुढं जातं. पण मुलगी आठपर्यंत लोळली तर सासरी कसं व्हायचं, हा प्रश्न आधी सोडवा.

सरकारही या कामात मागं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश निघाला, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका. छान केलं. पण चौथीच्या आतली पोरं सुट्टीच्या दिवशीही सहाला टुणकन उठून आपल्या पोटावर उड्या मारतात. ज्यांचं घड्याळ खरोखर पुढं गेलंय ती मात्र सातच्या शाळेला, आणि त्याआधी क्लासला. कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये कायदा केला आणि २०२२ पासून तिथली बहुतेक हायस्कूलं साडेआठच्या आत भरत नाहीत. त्यांच्याकडं रंकाळा नाही. पहाटे उठून करतील काय बिचारे?

जीवशास्त्रातला ‘तो’ धडा शाळेत आला की ‘घरी वाचा’ म्हणायचं. घरी आला की ‘शाळेत शिकवतील’.

आता मुख्य सूचना. पोरगं क्लासमध्ये पेंगायला लागलं की झोप कमी पडतेय असा बाळबोध विचार करू नका. आमच्या क्लासच्या सरांनी केला नाही. परवा त्यांचा फोन आला, “मॅडम, पोरगं पेंगालंय नुसतं. तोंड बघा कसं उतरलंय. वय तसलं हाय, लक्षात येतंय न्हवं? तुम्ही नको, मिस्टरांना पाठवून द्या. जेन्ट्स मॅटर हाय.” मी बीएस्सी झूलॉजी, पण जेन्ट्स मॅटर म्हटल्यावर मिस्टर गेले. येताना खिशातून एक कार्ड घेऊन आले. महिन्यातून दोनदा स्टँडजवळच्या एका लॉजवर उतरणारे कुणी खानदानी वैद्य, गुप्त समस्यांवर हमखास इलाज.

पंधरा वर्षांचं पोरगं आहे ते! चारला उठतंय!

काय तर म्हणे रात्री ‘तसलं’ होऊन ताकद जाते. चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य, हा हिशेब कुणी मांडला, कुठल्या प्रयोगशाळेत? वीर्यातला बहुतेक भाग म्हणजे वीर्यकोशांचा आणि प्रोस्टेटचा द्रव. शुक्राणू वृषणात रोज कोट्यवधींनी तयार होतात. कळंबा तलाव आहे का तो, उपसला की तळ दिसायला? झोपेत आपोआप स्खलन होणं ही वयात येणाऱ्या शरीराची साधी गोष्ट. कुणाला होतं, कुणाला होत नाही, दोन्ही ठीक.

आणि ज्या झोपेला तुम्ही सगळे टपून बसलाय तिचं काम तरी माहीत आहे का? १९५३ मध्ये शिकागोच्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवलं, झोपलेल्या माणसाचे डोळे ठरावीक वेळानं पापण्यांखाली भिरभिरतात आणि तेव्हा उठवलं तर तो बहुधा स्वप्न सांगतो. दर दीडेक तासाला ही फेरी येते. तेव्हा हातापायांचे स्नायू पार ढिले पडतात आणि जननेंद्रियांकडं रक्त धावतं. तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत, बायकांनासुद्धा. स्वप्नात भूमितीचा पेपर का असेना. म्हणजे सकाळी पोराला पांघरुणातून बाहेर यायला दोन मिनिटं लागली तर त्याचं चारित्र्य तपासायची गरज नसते. ही स्वप्नांची झोप पहाटेकडं लांबत जाते. आणि आपला गजर चारला.

पुढचं तर क्लासच्या पाटीवरच लिहून लावायला पाहिजे. वयात येणं सुरूच होतं झोपेत. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून एलएच नावाचं संप्रेरक सुरुवातीला रात्री, झोपेतच, झटक्याझटक्यानं सुटायला लागतं. हे १९७२ मध्ये मोजून झालंय. उंची वाढवणारं संप्रेरक पहिल्या गाढ झोपेत जास्त सुटतं. पोरांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, झोपेत चढतं. ज्या मर्दानगीची काळजी वाहत तुम्ही पोराला पहाटे उठवताय, ती त्या अंथरुणातच घडत असते. आणि तालमीतली पोरं पहाटे उठत नाहीत का, हे मला सांगू नका. वस्ताद त्यांना रात्री लवकर आडवं करतात, दुपारी खुराक झाला की परत झोपवतात. क्लासमध्ये दुपारी टेस्ट सिरीज असते.

असल्या भीतीनंच पोरं खरोखर खंगतात. अशक्तपणा, धडधड, अभ्यासात लक्ष नाही. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्ये या दुखण्याला धात (म्हणजे वीर्य) सिंड्रोम असं नाव दिलं. असल्या औषधांच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ चा आहे, आणि भिंती रंगवणारे अजून रंगवतायत. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून याच विषयावर लिहीत राहिले, लोकांनी त्यांच्यावर खटले भरले. आता खटल्यांची गरज उरली नाही, घरात कुणी तोंडच उघडत नाही.

सर, तुमची बॅच तुम्ही साडेपाचला लावता, कारण शाळेआधी एक आणि शाळेनंतर दोन बसवल्या की फी तिप्पट होते. हे सरळ सांगा की. पोरगं पेंगतंय तुमच्या वेळापत्रकानं आणि कार्ड देताय वैद्याचं? दुसऱ्याच्या लेकराच्या अंगाबद्दल बोलायला तुम्हाला सांगितलं कुणी? पेंग महिनोन्महिने हटत नसेल तर एमबीबीएस डॉक्टरला दाखवा म्हणायचं. लॉजवर पाठवायचं नाही.

आणि बापलोकांनो, तुम्ही. मिरजकर तिकटीला उभं राहून तासभर डबल मीनिंगचे विनोद करता, तेव्हा जीभ अडखळत नाही. पोरासमोरच काय होतं? चादर ओली झाली तर काही बिघडलेलं नाही, मलाही व्हायचं, धुवायला टाक आणि झोप. एवढंच बोलायचंय. तेवढंही जमत नसेल तर गप्प बसा, पण असली कार्डं खिशात घालून घरी येऊ नका.