‘कॉम्प्युटर कधी चुकत नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

इंदूरमधल्या मराठी मंडळांच्या आणि कॉलन्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. मथळा आहे, ‘कॉम्प्युटर कधी चुकत नाही, चुकतो तो माणूस’. त्याखाली पाच मुद्दे. मशीन चुकूच शकत नाही. कागदपत्रांत नावाचा घोळ झाला तर तो टाइप करणाऱ्याचा निष्काळजीपणा. मशीन अडकलं तर डेस्कटॉपवर दहा वेळा रिफ्रेश करा, रॅम (चालू प्रोग्रॅमची तात्पुरती मेमरी) मोकळी होते. अपडेट बंद ठेवा, ती नवं मशीन विकायची युक्ती आहे. आणि एवढं करूनही मंद चालत असेल तर नवं घ्या.

मी प्रोग्रामर आहे, पोट याच कामावर चालतं. ओळखीतले काका-काकू स्क्रीनवर काही बिघडलं की पहिलं वाक्य म्हणतात, ‘माझंच काहीतरी दाबलं गेलं असेल.’ हा फॉरवर्ड त्यांची ती समजूत पक्की करतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, मशीन चुकूच शकत नाही. चुकतं, आणि अगदी भागाकारातही चुकतं. 1994 साली इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये असा दोष सापडला. 4195835 ला 3145727 ने भागायचं, आलेल्या उत्तराला परत 3145727 ने गुणायचं आणि ते मूळ संख्येतून वजा करायचं. बाकी शून्य यायला हवी. त्या चिपवर 256 यायची. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या तक्त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. चिपा बदलून देण्यापायी इंटेलला 47.5 कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. यावर कुणी म्हणेल, तक्ता तरी माणसानेच बनवला ना? बनवला. पण तो माणूस कारखान्यात बसला होता, आणि फॉरवर्डचं बोट आहे ते घरात कीबोर्डसमोर बसलेल्या माणसाकडे.

हे बोट चुकीच्या माणसाकडे गेलं की काय होतं ते ब्रिटनमध्ये घडलंय. तिथल्या पोस्ट ऑफिसने 1999 पासून शाखाशाखांत होरायझन नावाची हिशेबप्रणाली बसवली. शाखा चालवणाऱ्या सबपोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसायला लागली. ते सांगत होते की पैसे आम्ही घेतलेले नाहीत, सिस्टीम चुकतेय. पोस्टाचं उत्तर एकच, सिस्टीम भक्कम आहे. 2015 पर्यंत 900 हून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, कित्येकांनी न घेतलेल्या पैशांची भरपाई स्वतःच्या खिशातून केली. कायद्यानेही त्यांची साथ सोडली होती. कॉम्प्युटरची नोंद पुरावा म्हणून आणायची तर तो नीट चालत होता हे दाखवावं लागेल, अशी तरतूद इंग्लंडात पूर्वी होती. 1999 च्या कायद्याने ती काढून टाकली. त्यानंतर उलट सिद्ध होईपर्यंत कॉम्प्युटर बरोबरच, असं न्यायालय धरून चालायला लागलं. म्हणजे हाच फॉरवर्ड, फक्त न्यायालयाच्या भाषेत.

होरायझनमधला एक दोष जवळून बघा, कारण तसा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकावर येतो. स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टनची शाखा, साल 2015. आलेल्या रोकडीची नोंद करताना स्क्रीन अडकली. पुढे काहीच हलेना म्हणून काउंटरवरच्या व्यक्तीने पुन्हा एन्टर दाबलं, परत दाबलं. समोर काहीच घडत नव्हतं, पण आत प्रत्येक एन्टरला 8,000 पौंडांची नवी नोंद पडत होती. एकूण चार नोंदी पडल्या, त्यातली खरी एकच, आणि उरलेल्या तिन्हींमुळे 24,000 पौंडांची तफावत कागदावर उभी राहिली. अडकलेल्या स्क्रीनवर कोण पुन्हा एन्टर दाबत नाही? माणूस असं करणारच हे गृहीत धरून प्रोग्रॅम लिहायचा असतो. एकदा बटण दाबलं की ते निष्क्रिय करायचं, प्रत्येक व्यवहाराला त्याचा स्वतंत्र क्रमांक द्यायचा, तोच क्रमांक परत आला तर नोंद नाकारायची. आमच्या धंद्यातली ही प्राथमिक शिस्त आहे. ती पाळली गेली नाही याचा दोष एन्टर दाबणाऱ्याला देता येणार नाही. 2019 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने होरायझनमध्ये दोष असल्याचं मान्य केलं. 2024 मध्ये शेकडो शिक्षा एकगठ्ठा रद्द करायला वेगळा कायदा करावा लागला.

म्हणून पैशांचा व्यवहार करताना स्क्रीन अडकली तर हात थांबवा, मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. बँकेत किंवा ग्राहक तक्रारीत उद्या हाच पुरावा लागेल.

दुसरा मुद्दा, नावाचा घोळ. इथे इंदूरच्या मराठी माणसाला सगळ्यात जास्त दोष ऐकावा लागतो. आपल्याकडचे फॉर्म इंग्रजीत आणि हिंदीत. बऱ्याच ठिकाणी नाव रोमन अक्षरांत भरलं की देवनागरी रूप प्रोग्रॅम स्वतःच तयार करतो. रोमनमध्ये ल आणि ळ दोघांनाही एकच एल. प्रोग्रॅम हिंदीच्या सवयीने ल उचलतो. काळेंचं काले होतं, मुळ्यांचं मुले. एका कागदावर काळे, दुसऱ्यावर काले. मग जुळवणी करणाऱ्या मशीनला ती दोन वेगळी माणसं वाटतात. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला मशीनसाठी क्रमांक देणारी जागतिक पद्धत. तिच्यात ल चा क्रमांक 0932, ळ चा त्याला लागून 0933. शेजारी असले तरी मशीनला त्यांचं काही नातं ठाऊक नसतं. खिडकीवर मात्र ऐकायला मिळतं, ‘आपने ही गलत भरा होगा।’ अर्जदाराने तर देवनागरीतलं एक अक्षरही टाइप केलेलं नसतं!

याहून चिवट प्रकार ऱ चा. कऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातला ऱ्ह तीन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे एकच अक्षर असतं, क्रमांक 0931. दुसऱ्यात साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, हिंदी कीबोर्डावर नुक्ता हाताशीच असतो. तिसऱ्यात र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. फाँट बरा असेल तर तिन्ही कऱ्हाडे पडद्यावर हुबेहूब सारखे. भिंग लावूनही फरक कळणार नाही. पण शोध घेताना एका पद्धतीने टाइप केलेलं नाव दुसऱ्या पद्धतीच्या यादीत सापडत नाही. पहिल्या दोन रूपांना एक करण्याचा ठरलेला नियम युनिकोडमध्येच आहे, प्रोग्रामरने तो वापरायचा असतो. तिसऱ्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते. मराठी नावांच्या यादीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे करायला हवं, आणि बहुतेक ठिकाणी ते झालेलं नसतं. मतदारयादीत किंवा संस्थेच्या सभासदयादीत स्वतःचं नाव न सापडणाऱ्या आजोबांना निष्काळजी म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

तिसरा मुद्दा रिफ्रेशचा. डेस्कटॉपवरचं रिफ्रेश आयकॉन पुन्हा रंगवतं. रॅमशी त्याचा संबंध नाही, दहा वेळा करा नाहीतर शंभर वेळा. रीस्टार्टचा मात्र खरंच उपयोग होतो, कारण काही प्रोग्रॅम घेतलेली मेमरी परत करत नाहीत आणि रीस्टार्टने ती सुटते. पण विंडोज 8 पासून एक बदल झालाय. बहुतेक मशीनवर शटडाउन केलं की विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं, म्हणजे गाभ्यातला बिघाडही सोबत परत येतो. रोज रात्री मशीन बंद करूनही त्रास जात नसेल तर शटडाउनऐवजी मेनूतलं रीस्टार्ट निवडा.

चौथा, अपडेट. इथे फॉरवर्डमधला संशय अगदीच निराधार नाही. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून नेहमीचे अपडेट मिळणं 14 ऑक्टोबर 2025 ला थांबलं आणि विंडोज 11 ने टीपीएम 2.0 या सुरक्षेच्या यंत्रणेची अट घातली, त्यामुळे धडधाकट मशीनं बाद ठरली. मला याचा राग आहे. अपडेटनेच जग ठप्प झाल्याचंही आपण पाहिलंय. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक फाइल जगभर गेली. प्रोग्रॅम 21 वा रकाना वाचायला गेला, पुरवलेले रकाने होते 20. सुमारे 85 लाख विंडोज मशीनं कोसळली आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले.

तरीही अपडेट बंद ठेवू नका. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रॅमने जगभरच्या मशीनांतल्या फायली कुलूपबंद केल्या, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत उपचार खोळंबले. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. घरच्या मशीनवर सुरक्षेचे अपडेट येतील तसे घ्या. त्याआधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर असू द्या, म्हणजे अपडेट फसलं तरी जीव टांगणीला लागणार नाही.

उरला पाचवा, ‘नवं घ्या’. निकलाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञाने 1995 मध्येच मांडलं होतं की हार्डवेअर जितक्या झपाट्याने वेगवान होतं त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर मंद होत जातं. साध्या चॅटच्या खिडकीसाठी आख्खा ब्राउझर पोटात घेऊन फिरणारे प्रोग्रॅम आज सर्रास असतात, आणि तसे ते आम्हीच लिहितो. कारण आमच्या टेबलावरची मशीनं नवी आणि दणकट असतात, तुमची गैरसोय आम्हाला दिसतच नाही. नव्या मशीनची रॅमही असेच प्रोग्रॅम खाऊन टाकतात.

पैसे खर्च करण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. मशीन रखडत असताना डिस्कचा रकाना 100 टक्क्यांवर चिकटलेला असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपांची डिस्क, बसवून घ्या. फिरत्या डिस्कला माहितीच्या एका तुकड्यापर्यंत पोचायला साधारण 10 मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो. मेमरीचा रकाना भरलेला असेल तर रॅम वाढवा. प्रोसेसरचा (सीपीयू) असेल तर त्याच यादीत कोणता प्रोग्रॅम वर आहे ते बघा, बऱ्याचदा तो एकटा काढून टाकला की भागतं. सिल्व्हर मॉलमध्ये, म्हणजे इंदूरच्या कॉम्प्युटर बाजारात, दुकानदाराने सरसकट ‘नया ले लो’ म्हटलं तरी आपलं निदान त्याला सांगा. फक्त जाण्याआधी मॉडेल नंबर लिहून न्या, कारण काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि ती वाढवता येत नाही.