तेलाचा शेवटचा थेंब आणि एक फॉरवर्ड

परत आला तो फॉरवर्ड. वर लाल अक्षरात "झोपलेल्यांनो जागे व्हा" आणि खाली "निदान १० जणांना पाठवा". या वर्षात मला चौथ्यांदा आलाय, आणि या वेळी ज्यांनी पाठवला ते काका चांगले शिकलेसवरलेले आहेत, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच टाकू. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एक, पन्नास वर्षं झाली "तेल संपणार" म्हणून ओरडतायत, संपलं का? दोन, पृथ्वीच्या पोटात तेल बनतच असतं, रिकाम्या विहिरी परत भरतात. तीन, हवामान कायमच बदलत आलंय, एक ज्वालामुखी फुटला की माणसाच्या शंभर वर्षांइतका कार्बन बाहेर पडतो. चार, कार्बन डायऑक्साइड हे झाडांचं अन्न, वाढला तर पिकं जोमात येतील. पाच, समजा संपलंच तेल, तर गाड्या बॅटरीवर चालतील, रोजच्या जगण्यात काही फरक पडणार नाही.

आता पहिला आणि पाचवा मुद्दा एकत्र वाचा. तेल संपणार नाही, आणि संपलं तरी चालेल. म्हणजे साहेब, मी तिथे नव्हतोच, आणि असलो तरी मी मारलं नाही! असो, एकेक घेऊ.

"पन्नास वर्षं ओरडतायत, संपलं का?"

यातलं अर्धं खरं आहे हे आधी कबूल करतो. ओरडणाऱ्यांच्या तारखा चुकल्या, आणि त्या ओरडणाऱ्यांत मीही होतो. २००८ च्या जुलैत बॅरल १४७ डॉलरला गेलं तेव्हा मी छातीठोकपणे सांगत फिरत होतो की आता उतरण सुरू, आणि डिसेंबरपर्यंत भाव ४० च्याही खाली आल्यावर तोंड लपवायची वेळ आली. हबर्ट नावाचा भूशास्त्रज्ञ, शेल कंपनीतलाच माणूस, त्याने १९५६ मध्ये सांगितलं होतं की अमेरिकेचं तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या सुमारास शिखर गाठेल. १९७० ला खरंच गाठलं, दिवसाला ९६ लाख बॅरल, आणि मग घसरत घसरत २००८ मध्ये ५० लाखांवर आलं. तोवर हबर्ट देवमाणूस. मग शेल तेल आलं (हा शेल म्हणजे कंपनी नव्हे, दगडाचा प्रकार), २०१८ ला जुना विक्रम मोडला आणि २०२३ मध्ये तर आकडा १ कोटी २९ लाखांवर गेला. म्हणजे त्याची तारीख बरोबर निघाली पण गोष्ट तिथे संपली नाही.

पण मग फॉरवर्ड बरोबर का? नाही, आणि गोम इथेच आहे. "अजून इतकी वर्षं पुरेल" हा आकडा म्हणजे जमिनीखालचं सगळं तेल भागिले वापर असं नसतं. आजच्या भावात, आजच्या यंत्रांनी जेवढं काढणं परवडतं तेवढंच त्यात धरतात. १९८० च्या सुमारास तो आकडा ३० वर्षांच्या आसपास होता, २०२० ला पन्नाशी ओलांडून गेला. कसा वाढला? काही नवीन साठे सापडले, काही तंत्र सुधारलं, आणि बराचसा वाढला तो कॅनडाची डांबराने माखलेली वाळू आणि व्हेनेझुएलाचं काकवीसारखं जड तेल हिशोबात धरायला लागल्यामुळे. ते आधीही तिथेच होतं, फक्त कुणी त्याला तेल म्हणत नव्हतं. शिवाय ऐंशीच्या दशकात ओपेकच्या (तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना) कोट्याचं साठ्यांशी गणित जुळवायची चर्चा सुरू झाल्यावर काही देशांचे साठे कागदावर एकदम फुगले, तेवढे नवीन शोध लागलेले नसताना. आता यावर काय बोलणार.

ओला कपडा पिळून बघा. पहिल्या पिळ्याला धार लागते, दुसऱ्याला कमी, नंतर मनगटं दुखेपर्यंत पिळलं तरी चार थेंब. कपडा पूर्ण कोरडा कधीच होत नाही, पण म्हणून कुणी दिवसभर पिळत बसत नाही. तेलाचं तेच आहे. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात ड्रेकच्या विहिरीला २१ मीटरवर तेल लागलं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात जी विहीर फुटली ती दीड किलोमीटर पाण्याखाली होती आणि समुद्राच्या पृष्ठभागापासून मोजली तर साडेपाच किलोमीटर खोल गेली होती. शेलच्या विहिरीचं तर पहिल्याच वर्षात उत्पादन निम्म्याच्या खाली येतं, मग तेवढंच तेल मिळत राहायला सतत नव्या विहिरी खणत राहा. प्रत्येक बॅरल काढायला आधीपेक्षा जास्त डिझेल, जास्त लोखंड, जास्त पैसा, आणि तो शेवटी सगळ्यांच्या खिशातून जातो.

आणि आयुष्य बदलायला तेल संपावं लागतं हे कुणी सांगितलं? १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये जगात तेल भरपूर होतं. अरब देशांनी फक्त नळ थोडा आवळला, भाव काही महिन्यांत सुमारे ३ डॉलरवरून १२ च्या घरात गेला, आणि नोव्हेंबरात नेदरलँड्स, पश्चिम जर्मनी वगैरे देशांत रविवारी गाड्या बाहेर काढायला बंदी. लोक मोकळ्या हायवेवर सायकली चालवत होते, पोरं स्केटिंग करत होती. अमेरिकेने पुढच्या वर्षी वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आणली. क्यूबात तर १९९१ नंतर सोव्हिएत तेल बंद झालं आणि चीनहून दहा लाखांच्या वर सायकली आणाव्या लागल्या, ट्रॅक्टरच्या जागी बैल आले, ट्रकला जोडलेल्या लांबलचक डब्यांतून माणसं कोंबून नेत होते. (क्यूबावर अमेरिकेचे निर्बंधही होते, त्यामुळे उदाहरण अगदी स्वच्छ नाही, हे मान्य.) दोन्ही वेळा जमिनीखालचं तेल होतं तिथेच होतं.

"विहिरी परत भरतात"

हा पटकन उरकतो. टॉमस गोल्ड नावाच्या नावाजलेल्या शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की तेल खोल पृथ्वीतून, जीवांशिवाय बनतं. त्याच्या आग्रहावरून स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात सहा किलोमीटरहून खोल खणलं, विकण्याजोगं काही लागलं नाही. त्याआधीच, १९३० च्या दशकात, आल्फ्रेड ट्राइब्सने कच्च्या तेलात पोर्फिरिन सापडल्याचं दाखवलं होतं, म्हणजे पानांमधल्या हरितद्रव्याचे अवशेष. तेलाच्या अंगावर त्याची जन्मखूणच आहे की हो. "परत भरलेली विहीर" म्हणून जिचं उदाहरण देतात ती मेक्सिकोच्या आखातातली युजीन आयलंडची, तिथे खालच्या साठ्यातलं तेल भेगेतून वर सरकलं, नवीन काही बनलं नाही. आणि तेल आजही बनतंय हे खरंच आहे, फक्त त्याला लाखो वर्षं लागतात आणि आपण दिवसाला १० कोटी बॅरल उडवतो.

"एक ज्वालामुखी फुटला की..."

हे वाक्य इतकं फिरलंय की मलाही लहानपणी खरं वाटायचं. फिलिपिन्समधला १९९१ चा पिनाटुबो घ्या, विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या स्फोटांपैकी एक. त्यातून अंदाजे ५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड निघाला. माणूस कोळसा, तेल आणि गॅस जाळून वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन सोडतो, म्हणजे दिवसाला १० कोटी. पिनाटुबो म्हणजे आपला अर्धा दिवस. शंभर वर्षं नाही हो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत! उलट त्याच्या गंधकाच्या धुरक्याने जग वर्ष-दोन वर्षं अर्ध्या अंशाने थंडच झालं.

आणि गंमत म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड १९५८ पासून जिथे मोजतात ते हवाई बेटावरचं मौना लोआ हे ठिकाणच ज्वालामुखीवर आहे. २०२२ ला तो फुटला, लाव्ह्याने रस्ता आणि वीज तोडली, तर शेजारच्या मौना केआवरून मोजणी चालू केली. आकडा चढतोय तसाच चढत राहिला. १९५८ ला दहा लाख भागांत ३१५, आता ४२० च्या वर. हा वाढलेला कार्बन कुठला तेही ओळखता येतं, कारण कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ (कार्बनचाच एक प्रकार, जो काळाबरोबर नष्ट होत जातो) उरलेला नसतो, आणि हवेतलं त्याचं प्रमाण त्यामुळेच पातळ होत गेलं.

"हवामान कायम बदलतं" हे बरोबरच आहे. गेलं हिमयुग सरताना जग पाच-सहा अंश तापलं, पण त्याला हजारो वर्षं लागली. जिन्याने खाली उतरणं आणि गच्चीवरून पडणं, दोन्हीत माणूस खालीच येतो.

आता एक हिशोब, जो फॉरवर्डवाले कधी करत नाहीत. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. जाळलं की कार्बन डायऑक्साइड निघतो २.३ किलो. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसे? जळताना प्रत्येक कार्बनला हवेतले दोन ऑक्सिजन चिकटतात, ते वजन हवेतून येतं. टाकी रिकामी होते तेव्हा ओझं गेलं असं वाटतं, पण ते तिप्पट होऊन वर गेलेलं असतं. तसंच एक बॅरल जाळलं की सुमारे ४३० किलो. जगाचे जाहीर साठे अंदाजे १.७ लाख कोटी बॅरल. गुणा. ७०० अब्ज टनांच्या वर जातं. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची शास्त्रीय समिती) हिशोबाने तापमानवाढ दीड अंशात रोखायची निम्मी तरी शक्यता ठेवायची तर २०२० पासून पुढे एकूण ५०० अब्ज टनच सोडता येणार होते, त्यातलेही निम्म्याच्या आसपास उडवून झाले. म्हणजे कोळसा आणि गॅसला हातही न लावता नुसतं तेलच हिशोब मोडून जातं. जमिनीखालचं संपायच्या कितीतरी आधी वरची जागा भरते. "तेल अजून खूप आहे" ही मला तरी आनंदाची बातमी वाटत नाही.

"झाडांचं अन्न आहे"

आहे ना. पण जादा कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवलेल्या गहू-तांदळात प्रथिनं, जस्त, लोह कमी भरतं हे शेतात केलेल्या प्रयोगांत दिसलंय. आणि भात फुलोऱ्यात असताना पारा ३५ च्या वर गेला की फुलं वांझ राहतात, लोंबी उभी दिसते पण आत दाणा नाही. शेतकऱ्याला विचारा, हिरवंगार दिसणारं पीक आणि भरलेलं पीक एकच का ते.

"बॅटरीवर चालतील, फरक पडणार नाही"

बॅटरीच्या गाड्यांचा मी विरोधक नाही. २०२४ मध्ये जगात अशा (प्लगला लावून चार्ज होणाऱ्या हायब्रिड धरून) १ कोटी ७० लाखांच्या वर गाड्या विकल्या गेल्या, पाचातली एक नवी गाडी, आणि पेट्रोल इंजिन निम्म्याहून जास्त ऊर्जा नुसती गरम होण्यात घालवतं त्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण बॅरल म्हणजे नुसतं पेट्रोल नव्हे. रिफायनरीत एकाच बॅरलमधून गॅस, नॅफ्था (प्लास्टिक-रबराचा कच्चा माल), पेट्रोल, विमानाचं इंधन, डिझेल आणि तळाला डांबर असं सगळं थोडं थोडं निघतं. बॅटरीची गाडी धावते तो रस्ता बहुतेक ठिकाणी त्या तळाच्या डांबराचा, तिच्या टायरमधलं कृत्रिम रबर नॅफ्थाच्या घरातलं. आणि जगातलं बहुतेक गंधक तेल-गॅस शुद्ध करतानाच निघतं, त्याचं होतं गंधकाम्ल, त्या आम्लावर फॉस्फेटचं खत बनतं आणि बॅटरीतलं निकेल-कोबाल्टही बऱ्याच ठिकाणी त्यानेच खडकातून सोडवतात. विमानाचं तर बोलूच नका, एक किलो इंधनात सुमारे १२,००० वॉट-तास, एक किलो चांगल्या बॅटरीत २५० च्या आसपास.

आणि फरक "पडणार" कशाला, पडतोय. २०१७ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या फिनिक्सला ४८ अंश झाल्यावर चाळीसच्या वर विमानं रद्द झाली, कारण गरम हवा विरळ असते आणि छोट्या विमानांना तेवढ्या तापमानात उडायची परवानगीच नव्हती. २०२३ च्या दुष्काळात पनामा कालव्यातून रोज ३६ च्या आसपास जाणारी जहाजं २४ वर आणावी लागली, कारण तो कालवा चालतो वरच्या तलावाच्या गोड्या पाण्यावर.

पण माझं आवडतं उदाहरण ऱ्हाइन नदीचं. २०१८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या काउब गावच्या मोजपट्टीवर पाणी २५ सेंटिमीटरवर आलं (पट्टीवरचा आकडा म्हणजे पूर्ण खोली नव्हे, पण तिथला तो नीचांक). तेल वाहणारे बार्ज (सपाट तळाची मालवाहू जहाजं) नेहमीच्या मालाचा थोडासाच भाग भरून निघायला लागले, नाहीतर तळ घासणार. रिफायनरीत पेट्रोल-डिझेल होतं, विकत घ्यायला लोक तयार होते, आणि तरी जर्मनीत काही पंप कोरडे पडले, जर्मनी आणि स्वित्झर्लंडला आणीबाणीचे साठे उघडावे लागले. तेल होतं. नदी नव्हती.

हे सगळं मी काकांना पाठवलं. काकांचा आधी नुसता अंगठा आला. दोन दिवसांनी नवीन फॉरवर्ड: पाण्यावर चालणारी गाडी, कंपन्यांनी दडपून ठेवलेला शोध. काका, पाणी म्हणजे आधीच जळून झालेला हायड्रोजन, राखच ती, आणि तो परत सुटा करायला जेवढी ऊर्जा घालावी लागते तेवढी जाळून परत मिळत नाही. त्याचं सविस्तर उद्या लिहितो, आज हात दुखला.