गुणाकार करा, वजाबाकी नको

दुबईला निघालात? इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका, अरबीचं तर मुळीच नाही. एक दिरहम साधारण चोवीस रुपयांना पडतो, म्हणून चोवीसचा पाढा तेवढा पाठ करा. दिरहम 1997 पासून डॉलरला बांधलेला आहे, 3.6725 दिरहमला एक डॉलर. त्यामुळे इकडे रुपया आपटला की तिकडे तुम्ही बसल्या जागी श्रीमंत होता. एजंट '1500 पगार' म्हणाला की मनातल्या मनात 36,000 म्हणायचं आणि तिथेच थांबायचं. पुढची वजाबाकी करत बसणाऱ्यांची कधी प्रगती झाली आहे का?

एजंट शक्यतो पंचक्रोशीतला, जमल्यास नात्यातला बघावा. म्हणजे उद्या काही झालंच, तर लग्नकार्यात तो पुढच्या पंगतीत बसतो आणि तोंड तुम्ही लपवता. परवानाधारक एजंटाला 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, आणि अमिरातीच्या कायद्यानुसार तर भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायचाच नसतो. असले कोते मुद्दे काढून भल्या माणसाचा अपमान करू नका. 1,20,000 मागितले तर मोजून द्या. पतपेढी जामीनदार मागते, सावकार काही मागत नाही. त्याच्याकडून महिना तीन टक्क्यांनी उचला. व्याज महिन्याला 3,600 रुपये, म्हणजे दीडशे दिरहम. पण हा भागाकार झाला, सोडून द्या.

पासपोर्टला दहावीचं सर्टिफिकेट जोडलं नसेल तर तो 'ईसीआर' असतो आणि नोकरीला जाताना सरकारची मंजुरी लागते. तिच्यासोबत दोन वर्षांचा दहा लाखांचा अपघात विमा 275 रुपयांत घ्यावा लागतो. एवढी उधळपट्टी कशाला? एजंट सांगेलच, 'व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून घेऊ.' मंजुरी नाही, विमा नाही, नोंदही नाही. सव्वा लाखाच्या खर्चात 275 रुपये वाचले, हे घरी अभिमानानं सांगा.

ऑफर लेटर वाचू नका. ते हिंदीतही मिळतं, म्हणून मोह होईल, आवरा. त्यात एका ओळीत 'बेसिक 700' आणि खाली 'जेवण 300, इतर भत्ते 500' असं लिहिलेलं असतं. बेरीज 1500 च येते ना, मग झालं. आता ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांच्या पगाराइतकी मिळते, पण मोजतात बेसिकवर. म्हणजे पाच वर्षांनी हातात 2450. सगळा पगार बेसिक असता तर 5250 झाले असते. ओव्हरटाइमही बेसिकवरच: ताशाचे तीन दिरहमच्या आत, त्यावर पंचवीस टक्के, म्हणजे साडेतीनला थोडं वर. कंपनीच्या अकाउंटंटनं इतकी डोकेबाज मांडणी केलेली असताना आपण आकडा बघून शंका घ्यावी, हे बरं दिसत नाही. पासपोर्टही अरबाबकडे, म्हणजे तिथल्या मालकाकडे, ठेवायला द्या. तो ठेवून घेणं तिथे बेकायदा आहे, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तरी तो जोखीम घेतो, यातच त्याची माया दिसते.

बॅग भरताना आईच्या शब्दाबाहेर जाऊ नका. मालवणी मसाला हवाच, आणि घरचा मसाला म्हटला की आई त्यात भाजलेली खसखस घालतेच. दिवाळीच्या आसपास जात असाल तर अनारसे आलेच, तेही एका बाजूनं खसखशीनं मढलेले. अमिरातीत खसखस ही अमली पदार्थांच्या खात्यात जमा आहे. इकडे कुणी विनोद केला की खसखस पिकते. तिकडे कस्टमच्या टेबलावर पिकते आणि मग हसायला कुणी उरत नाही. जोडीला कोडीनवालं खोकल्याचं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ठेवा, म्हणजे चौकशी एकाच बैठकीत उरकेल. (ज्यांना नसते धाडस करायचे नाहीत ते मसाला बिनखसखशीचा कुटून घेतात आणि अनारसे तुपात तळून कोरेच पॅक करतात. चवीला जरा कमी लागतात.)

पोचल्यावर कामगारांचा कॅम्प बहुधा मुहैस्नामध्ये मिळेल. त्या भागाला आपली माणसं सोनापूर म्हणतात, सोन्याची नगरी या अर्थानं. मुंबईतल्या आत्याला फोनवर 'मी सोनापूरला पोचलो' हे वाक्य जरूर ऐकवा. चंदनवाडीच्या स्मशानाच्या, म्हणजे मुंबईतल्या सोनापूरच्या, आसपास आयुष्य काढलेली बाई ती, तिच्या मनात काय येईल ते तुम्हाला कळेलच.

उन्हाचं फार मनावर घेऊ नका. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवायचा नियम आहे, आणि त्याची भरपाई म्हणून बस पहाटे साडेचारला येते. पाणी तहान लागल्यावरच प्या. जूनच्या कोरड्या हवेत घाम अंगावर दिसायच्या आत उडतो, त्यामुळे आपल्याला घाम येतच नाही असा छान समज होतो. ऑगस्टमध्ये समुद्राकडून दमटपणा आला की तोच घाम उडत नाही, नुसता गळतो, आणि अंग थंड होत नाही. लघवी चहाच्या रंगाची झाली तरी लिंबू-मीठ किंवा लिटरभर पाण्यात ओआरएसची एक पुडी, असले बायकी लाड नकोत. मर्दानं एक दिरहमचा कडक चहा प्यावा. तोही चोवीस रुपयांचा पडतो, हे विसरू नका.

आंघोळीचं शास्त्र मात्र नीट समजून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी पाठ सोलून निघेल. पाण्याची टाकी गच्चीवर, दिवसभर उन्हात. उन्हाळ्यात निळ्या नळाला येतं ते पाणी चहा टाकण्याच्या लायकीचं. म्हणून फ्लॅटवाले मे महिन्यात गिझरचं बटण बंद करतात. बाथरूमच्या छताआडची पन्नास लिटरची ती टाकी मग एसीच्या गारव्यात निवते, आणि लाल नळाला गार पाणी येतं. घाईत कुणी पाहुण्यानं दिवा समजून गिझर लावला की दोन्ही नळांना उकळतं. पन्नास लिटरही पहिल्या दोघांतच संपतात. कॅम्पमध्ये गिझर नसेल तर रात्री बादली भरून खाटेखाली ठेवा, आणि सकाळी ती दुसऱ्यानं वापरलेली बघा.

घरी रोज फोन करा. व्हॉट्सअॅपवरून मेसेज जातो, कॉल लागत नाही, म्हणून बोटिम हे कॉलिंग अॅप घ्या. तिकडे आठ म्हणजे गावी साडेनऊ. जेवणं आटोपून सगळे तुमचीच वाट बघत असतात. मेसचे 300, व्याजाचे 150, फोनचे 50 हे आकडे सांगून कुणाची झोप उडवू नका. पाढा त्यांनाही पाठ झालेला असतो, 1500 च्या पुढचा. मेव्हण्याला बाइक हवी असते, वाडीतल्या मंदिराला मंडप हवा असतो, आणि 'तुला काय, दिरहम येतात' हे वाक्य तर हवेतच असतं. नाही म्हणायचं नाही. पगाराआधी रूममेटकडून उसने घ्यायचे आणि घरी पैसे पाठवायला एक्स्चेंजच्या रांगेत उभं राहायचं. भाव दहा पैशांनी वाढेल म्हणून थांबलेला माणूस त्या रांगेत हमखास भेटतो. हजार दिरहमवर त्याचे शंभर रुपये वाढणार असतात, आणि तोवर सावकाराचा हप्ता थकतो.

सुट्टी मिळाली की कार्टन बांधायचं. दूध पावडरचा मोठा डबा, टँग, टायगर बाम, पिस्ते, खजूर, चॉकलेटं, आणि मिंकचं एक ब्लँकेट, जे कोकणात वर्षातून चार रात्री लागतं. चारी बाजूंनी टेप, वर सुतळी, मार्करनं नाव आणि गाव. तिकिटावर 30 किलो आहेत का 20, ते विमानतळावर बघावं. आधी बघितल्यास हौस मरते. रूममधला हुकाचा काटा 33 दाखवतो, मग तीसच धरून कार्टन पुन्हा उघडावं लागतं. ब्लँकेट काढता येत नाही, ते वहिनीनं सांगितलंय. डबा आईचा, बाम आत्याचा, चॉकलेटं वाडीतल्या पोरांची. तीन किलोंसाठी तुमचे सेफ्टी शूज, जीन्सच्या दोन पँटी आणि जॅकेट बाहेर निघतं. ते रूममेटला द्या, त्याच्या मापाचं नसलं तरी.