मुलगा वयात येतोय, तेवढं सोडून सगळं विचारतो आपण

आठवीपासून फाउंडेशन, दहावीनंतर लातूर नाहीतर कोटा. फी, खोली, मेस, रँक, सगळ्याची घरात चर्चा होते. मुलीची पाळी दोन महिने चुकली तर आई डॉक्टरकडे नेते. मुलाच्या शरीरात याच वर्षांत तेवढीच मोठी उलथापालथ चाललेली असते, पण ती दिसत नाही, म्हणून कोणी विचारत नाही. हे मला फार खटकतं.

मेंदूतला हायपोथॅलॅमस जीएनआरएच हे संप्रेरक ठोक्याठोक्याने सोडतो. त्यावर मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते आणि एलएचच्या सांगण्यावरून वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बनवतात. वयात येताना हे ठोके आधी रात्री, झोपेत वाढतात. ताण लांबला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं. ते हे ठोके मंद करतं आणि लायडिग पेशींनाही थेट दाबतं. त्यात झोप तोडली की दुहेरी मार बसतो. 2011 साली शिकागोत 10 निरोगी तरुणांना आठवडाभर पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी उतरलं. रात्री दोनला पुस्तक मिटून सहाला उठणाऱ्या मुलाला तर पाच तासही मिळत नाहीत.

मग पुढे मूल होणार नाही का? असं घाबरवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, बाहेरच्या वाटेवर आणखी काही दिवस. म्हणजे ताण उतरून झोप आणि जेवण रुळावर आलं, की तीन महिन्यांत नवी फळी तयार होते. एक गोष्ट मात्र नंतर भरून निघत नाही. शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशी वयात येईपर्यंतच संख्येने वाढतात आणि शुक्राणूनिर्मितीची कमाल मर्यादा त्यांच्यावर ठरते. म्हणून अकरा-बारा वर्षांच्या मुलाची उपासमार आणि जागरणं मला अठराव्या वर्षाच्या परीक्षेपेक्षा जास्त काळजीची वाटतात.

माझ्या मते कायमचं नुकसान ताणापेक्षा त्याचे सोबती जास्त करतात. जागं राहायला तंबाखू आणि गुटखा. बसून बसून वाढलेलं पोट. चरबीत टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, होतं. आणि सगळ्यात वाईट, जिममध्ये मिळणारी इंजेक्शनं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू एलएच, एफएसएच बंद करतो, वृषण आकसतात, शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. सोडल्यावर सुधारायला अनेक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं आणि प्रत्येकाचं पूर्ववत होतंच असं नाही.

त्यातच एसटी स्टँडच्या भिंतीवरची 'धातू जाणे, कमजोरी'ची जाहिरात. झोपेत वीर्य जाणं ही या वयाची अगदी सामान्य गोष्ट आहे, त्याने ताकद जात नाही. हे घरात कोणी सांगत नाही म्हणून मुलगा चोरून पुड्या आणतो आणि भीतीचा नवा ताण घेऊन बसतो.

वडिलांनो, मामांनो, हे तुम्ही बोलायचंय. वयात येण्याची पहिली खूण मिसरूड नाही, आवाज फुटणंही नाही; वृषण वाढू लागतात. चौदा पूर्ण होऊनही वाढ सुरू नसेल तर डॉक्टरला दाखवा. उभं असताना डाव्या वृषणाच्या वर गांडुळांच्या गुंत्यासारख्या शिरा हाताला लागल्या तर तो व्हेरिकोसील, म्हणजे फुगलेल्या शिरांचा त्रास, असू शकतो. तो याच वयात सुरू होतो आणि त्या बाजूचा वृषण लहान राहतोय का, हे सोनोग्राफीत मोजता येतं.

होस्टेलवर सोडण्याआधी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा: वृषणात अचानक जोराची कळ आली, उलटी झाली, तर रात्रीचे तीन वाजले असले तरी रेक्टरला उठव. वृषणाला पीळ पडला असेल तर तो वाचवायला सुमारे सहा तास मिळतात, आणि लाजेने सकाळची वाट बघण्यात ते निघून जातात.