ग्राफिक्स कार्डाचे लेखापरीक्षण

पतसंस्थांचे ताळेबंद तपासण्यात ज्याची हयात गेली, त्याला दोन वस्तूंची तुलना करायला सांगणे म्हणजे त्याचा सत्कार करणेच होय. त्यामुळे मुलीने, "बाबा, ब्लेंडरच्या, म्हणजे थ्रीडी चित्रं करायच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय, तुम्ही जरा बघाल का?" असे विचारताच मी एक्सेलमध्ये नवा तक्ता आखायला घेतला. आडव्या ओळींत कार्डे (संगणकात चित्रे रंगवण्याचे काम करणारे भाग), उभ्या रकान्यांत त्यांचे गुणविशेष आणि अगदी उजवीकडे माझी शिफारस, अशी ती सुटसुटीत रचना होती.

पहिलाच रकाना नावाचा होता आणि गाडी तिथेच अडली. एन्व्हिडिया कंपनीच्या कार्डावरचे पहिले दोन आकडे पिढी सांगतात आणि पुढचे दोन त्या पिढीतला हुद्दा. म्हणजे २०२३ सालचे ४०६० हे २०२० सालच्या ३०७० च्या मागे पडते, कारण नवी पिढी असली तरी हुद्दा खालचा. सरकारी कचेऱ्यांत वावरलेल्या माणसाला एवढे सहज समजते. त्यापुढे मात्र टीआय आणि सुपर या उपाध्या लागतात, आणि २०२४ च्या जानेवारीत तर ४०७० टीआय सुपर असे दोन्ही उपाध्या एकदम मिरवणारे कार्ड अवतरले. तिची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी, तिच्याकडे एक्सटी आणि एक्सटीएक्स आहेत. शिवाय २०२५ मध्ये एएमडीने आपल्या कार्डाला ९०७० असे नाव दिले, ते एन्व्हिडियाच्या ५०७० शेजारी शोभून दिसावे म्हणूनच.

नावांचा गुंता सहन करता येतो. एकाच नावाने दोन निरनिराळ्या वस्तू विकल्या जाऊ लागल्या की लेखापरीक्षकाचा रक्तदाब वाढतो. २०१६ सालच्या जीटीएक्स १०६० चे ६ जीबी आणि ३ जीबी असे दोन प्रकार होते. कोणीही समजेल की फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात मोठ्यात १,२८० कोअर (कार्डातली गणिते करणारी एकके) होते आणि धाकट्यात १,१५२. जीटी १०३० ची कथा याहून करुण आहे. त्याची मूळची मेमरी सेकंदाला ४८ गिगाबाइट माहिती पोचवत असे, पुढे त्याच नावाने आलेल्या स्वस्त मेमरीच्या कार्डात हा वेग सुमारे १७ वर आला, आणि खोक्यावरचे नाव तेच राहिले. २०२२ च्या सप्टेंबरात ४०८० सुद्धा १६ जीबी आणि १२ जीबी अशा दोन रूपांत जाहीर झाले होते, पण धाकट्याचे कोअर थोरल्यापेक्षा सुमारे दोन हजारांनी कमी भरल्यावर एवढी ओरड झाली की एन्व्हिडियाने ते विक्रीला येण्यापूर्वीच मागे घेतले आणि २०२३ च्या जानेवारीत ४०७० टीआय म्हणून विकले. शीर्ष बदलून तीच रक्कम पुन्हा दाखवण्याची ही पद्धत मला परिचित आहे. आमच्याकडे त्यावर लाल शेरा मारतात.

जीटीएक्स ९७० वर तर मी दोन शेरे मारले असते. त्याच्या ४ जीबी मेमरीपैकी शेवटची अर्धी जीबी बाकीच्या साडेतीनपेक्षा फारच संथ होती. अमेरिकेत दावा झाला आणि २०१६ मध्ये कंपनीने दर ग्राहकामागे ३० डॉलर देऊन तो मिटवला.

आता कोअरांचा रकाना. मला वाटले, हजेरीपटावर माणसे जास्त तिथे काम जास्त. पण २०८० टीआयच्या पटावर ४,३५२ कोअर आहेत, ३०७० च्या पटावर ५,८८८, आणि दोघांचे काम जवळपास सारखे. कारण असे की २०२० पासून, पूर्वी फक्त पूर्णांकांचे काम करणाऱ्या तुकडीलाही दशांशाचे गणित शिकवून तिची नावे पटावर चढवण्यात आली. पण पूर्णांकांचे काम निघाले की ती तुकडी तिकडे जाते आणि पट मात्र फुगलेलाच राहतो. दुसऱ्या कंपनीशी तुलना तर विचारूच नका. एएमडीच्या ९०६० एक्सटीवर २,०४८ कोअर आणि ५०६० टीआयवर ४,६०८, पण संगणकावरच्या खेळांच्या चाचण्यांत दोघांत थोडासाच फरक. प्रत्येक आकडा खरा होता, पुराव्यासह होता, आणि त्यांतून निष्कर्ष कसलाच निघत नव्हता.

म्हणून मी गुणविशेष सोडून प्रत्यक्ष कामगिरीकडे, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या फ्रेमकडे (एकेका चित्राकडे) वळलो. २०२५ च्या जानेवारीत लास व्हेगासच्या व्यासपीठावरून एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितले होते की ५४९ डॉलरचे ५०७० हे ४०९० इतकी कामगिरी देईल. ४०९० ची जाहीर किंमत १,५९९ डॉलर होती. एक हजार पन्नास डॉलरची ही बचत कुठून आली, हे शोधणे माझे कर्तव्यच होते. खुलासा असा मिळाला की नवे कार्ड एक फ्रेम स्वतः रंगवते आणि पुढच्या तीनपर्यंत फ्रेम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अंदाजाने भरते. चार नोंदींपैकी तीन अंदाजाने! एका पतसंस्थेच्या सचिवाने याच तत्त्वावर रोजकीर्द लिहिली होती. त्याच्यावर पुढे रीतसर चौकशी बसली. खेळणाऱ्याला चित्र गुळगुळीत दिसते हे मला मान्य आहे, पण बटण दाबल्यावर खेळातला माणूस हलायला लागणारा वेळ त्या तीन फ्रेमांनी कमी होत नाही, आणि हा रकाना जाहिरातीत नसतो.

स्वतंत्र चाचण्या करणारी मंडळी प्रामाणिक असतात, पण त्यांच्याही सरासरीवर विसंबता येत नाही. सरासरी १०० फ्रेम आली तरी मधूनच चित्र अडखळत असेल, तर ते सर्वांत वाईट एक टक्का फ्रेमांच्या आकड्यात दिसते. माझ्या मते तोच आकडा सर्वांत वर, ठळक अक्षरांत छापायला हवा.

तक्ता रुंद होत होत छापायला ए-तीन आकाराचा कागद लागेल इतका झाला, तेव्हा मुलीने त्यावर एक नजर टाकून सांगितले की ब्लेंडरचे रेंडर, म्हणजे दृश्याचे अंतिम चित्र, एन्व्हिडियावर वेगाने होते आणि तिची दृश्ये कार्डाच्या ८ जीबी मेमरीत मावत नाहीत. मावली नाहीत की काम एकतर रखडते, नाहीतर मध्येच बंद पडते. म्हणजे खेळांच्या चाचण्यांचे सगळे रकाने आमच्या कामाचे नव्हते. बजेट लावल्यावर उरले ५०६० टीआय. त्याचेही ८ आणि १६ जीबी असे दोन प्रकार आहेत. कोअर तेवढेच, वेग तोच, नाव तेच. हवे होते १६ चे.

आम्ही मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला गेलो. (महापालिकेच्या लेखी हा डॉ. भडकमकर मार्ग आहे; या बाजारात एका नावाने कशाचेच भागत नाही.) दुकानदाराने विचारले, "काका, एसएमपीएस किती वॅटचा आहे? कॅबिनेटमध्ये तीन पंख्यांचं कार्ड बसेल का?" मी वीजपुरवठा ६५० वॅटचा असल्याचे सांगितले आणि टेपने घेतलेली संगणकाच्या पेटीची आतली मापे पुढे ठेवली. तो वरमला. मग अठरा टक्के जीएसटीचे पक्के बिल छापून आले आणि त्यावर लिहिले होते, 'ग्राफिक कार्ड ५०६० टीआय'.

"यावर १६ जीबी कुठे आहे?" मी विचारले.

"काका, नाव लांब झालं की सॉफ्टवेअर पुढचं कापतं. खोक्यावर आहे ना!"

"खोके हा पुरावा नव्हे," मी म्हणालो.

मुलगी रस्त्याकडे बघू लागली. मागे रांगेतले दोघे खाकरले. मी पेन पुढे केले. दुकानदाराने बिलावर हाताने '१६ जीबी' लिहिले, सही केली आणि शिक्का मारला. मग मी त्याच्याकडून दुकानातल्या प्रतीवरही तसेच करून घेतले.